जावाची क्रिस आणि गिरगावातील रिठा: एका जतनसेवेचे परीक्षण

गिरगावातील एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर जुनी शस्त्रे आणि धातूच्या वस्तू यांची निगा राखणारी एक लहानशी कार्यशाळा आहे. आमच्या घरातील क्रिस, म्हणजे जावा बेटावरची नागमोडी पात्याची कट्यार, नुकतीच तिथून स्वच्छ करून घेतली. हे काम तिथे जावामधील रीतीने, म्हणजे नारळाचे पाणी, कागदी लिंबू, रिठा आणि सुगंधी तेले वापरून केले जाते, आणि मुंबईत असे काम करणारे दुसरे कोणी मला आढळले नाही, म्हणून हे परीक्षण जरा विस्ताराने लिहीत आहे. कार्यशाळेला पाटी नाही. लोकांची वडिलोपार्जित शस्त्रे तिथे ठेवलेली असतात, त्यामुळे नाव व पत्ता छापू नये अशी कार्यशाळा चालवणाऱ्या बाईंची विनंती आहे आणि ती मला रास्त वाटते. पात्यावरचे काम अतिशय समजून-उमजून केलेले आहे, तेलाच्या बाबतीत मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. दोन्हींची कारणे पुढे येतीलच.

आधी वस्तूविषयी सांगतो. आजोबांचे धाकटे बंधू व्यापारी जहाजावर नोकरीला होते आणि ही क्रिस त्यांनी सुराबाया बंदरातून आणली, असे घरात सांगितले जाते. तेव्हापासून खंडेनवमीला ती घरातल्या कोयत्या-विळ्यांबरोबर पाटावर मांडली जाते, तिला हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहिले जाते आणि पूजा आटोपली की पात्यावरून खोबरेलाचा हात फिरवून ती पुन्हा कपाटात जाते. पात्याला नऊ वळणे आहेत. जावामध्ये या वळणांची संख्या नेहमी विषमच असते. आपल्या बिचव्याचे पातेही वळणदार असते, पण क्रिसचे पाते मुठीजवळ एका बाजूला रुंद होत जाते आणि त्या रुंद भागाखाली ‘गांजा’ नावाची वेगळी आडवी पट्टी बसवलेली असते. आमच्या क्रिसचे म्यान तिमोहो लाकडाचे आहे. पिवळसर लाकडावर काळपट डाग उमटलेले असतात आणि जावामध्ये त्या डागांनाच मोल असते. घरातल्या कोणाला हे ठाऊक नसल्याने ते डाग म्हणजे बुरशी, असे समजून एकदा ते घासून काढण्याचे घाटत होते; सुदैवाने ते काम आळसामुळे राहून गेले.

अशा पात्याची स्वच्छता हे कल्हईवाल्याचे किंवा भांडी चमकावणाऱ्याचे काम नाही, कारण क्रिसचे सौंदर्य तिच्या धारेत नसून पृष्ठभागावर असते. घडवताना साध्या लोखंडाबरोबर निकेलयुक्त लोखंडाचे थर एकत्र ठोकले जातात आणि त्यातून पात्यावर जी चंदेरी नक्षी उमटते तिला ‘पामोर’ म्हणतात. हे निकेलयुक्त लोखंड पूर्वी सुलावेसी बेटावरील लुवू भागातून येत असे. मध्य जावात प्रंबानन येथे पडलेल्या उल्केचे लोखंडही सुराकार्ताच्या राजवाड्याने क्रिस घडवण्यासाठी वापरले. लोखंड काळे पडते, निकेलचा थर उजळ राहतो आणि या दोहोंच्या फरकावर सगळी नक्षी उभी असते. म्हणजे यंत्राच्या चाकावर धरून अशी क्रिस चकचकीत केली, तर ती स्वच्छ झाल्यासारखी दिसते खरी, पण तिच्यातले पाहण्यासारखे सगळे पुसले गेलेले असते. ‘एम्पू’ म्हणजे क्रिस घडवणारा कारागीर. त्याला जावामध्ये किती मान होता याची साक्ष लावू पर्वताच्या उतारावरील पंधराव्या शतकातील सुकूह मंदिरात आहे. तिथल्या एका शिल्पपटात भीम लोहार होऊन शस्त्र घडवतो आहे, अर्जुन भाता चालवतो आहे आणि दोघांच्या मध्ये गणपती नाचतो आहे. महाभारतावर वाढलेल्या मराठी माणसाने त्या शिल्पाचे निदान छायाचित्र तरी पाहावे.

जावामध्ये घराण्याच्या शस्त्रांना वर्षातून एकदा न्हाऊ घालण्याची रीत आहे. तिला ‘जामासान’ म्हणतात आणि ती बहुतेक ठिकाणी सुरो महिन्यात पाळली जाते. सुरो हा जावाच्या पंचांगाचा पहिला महिना. सुलतान आगुंग याने १६३३ मध्ये हे पंचांग सुरू करताना वर्षाचा आकडा शकाचा ठेवला आणि महिने मात्र इस्लामी चांद्रगणनेचे घेतले, त्यामुळे सुरो आणि मोहरम एकाच वेळी येतात. योग्यकार्ता आणि सुराकार्ता येथील राजवाड्यांत हा विधी मोठ्या इतमामाने होतो. तिथे शस्त्रांना ‘क्याई’ अशा आदरार्थी संबोधनासह नावे असतात, आणि योग्यकार्तामध्ये राजघराण्याच्या जुन्या रथांनाही स्नान घालतात, ते पाणी लोक बाटल्यांत भरून घरी नेतात. युनेस्कोने २००५ मध्ये इंडोनेशियाच्या क्रिसला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला आणि २००८ मध्ये तिचा समावेश प्रातिनिधिक यादीत झाला. आपण खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतो, पण धुण्या-पुसण्याचा भाग बहुतेक घरांत केव्हाच नावापुरता उरला आहे. जावामध्ये मात्र पूजा आणि देखभाल हे एकच काम मानले जाते, आणि या कार्यशाळेचा मोठेपणा असा की तिने त्यातील देखभालीचा भाग नेमका उचलला आहे.

कार्यशाळा चालवणाऱ्या बाई धातूच्या वस्तूंच्या जतनाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या आहेत आणि क्रिसची निगा त्या सुराकार्तामध्ये राहून शिकल्या. तिथल्या कला संस्थेत क्रिस हा स्वतंत्र अभ्यासक्रमच आहे. त्यांच्या मदतीला एक वयस्क शिकलगार असतात; त्यांच्या घरात पाती घासून-पुसून उजळवण्याचे काम पिढीजात चालत आलेले आहे. बाई त्यांना काका म्हणतात, ते बाईंना ताई म्हणतात, आणि एखाद्या गोष्टीवर दोघांचे एकमत होईपर्यंत पात्याला पाण्याचा थेंबही लागत नाही. हे मतभेद गिऱ्हाइकासमोरच चालतात. पहिल्या भेटीत मला त्याचे थोडे दडपण आले होते, पण पुढे लक्षात आले की एवढे उघडपणे काम दाखवणारी सेवा मिळणे हेच दुर्मीळ आहे.

पहिली पायरी मूठ काढण्याची. क्रिसची मूठ खिळ्याने ठोकलेली नसते. पात्याच्या खालच्या दांडीला कापडाची चिंधी गुंडाळून तिच्यावर ती दाबून बसवलेली असते. काकांनी मूठ ओढली नाही. पाते जाड फडक्यात धरून, कान मुठीजवळ नेऊन, अगदी थोडी थोडी फिरवत ती सैल केली. आतून निघालेली चिंधी काळीकुट्ट आणि ओलसर होती. मुठीच्या आत साठलेला हा दमटपणाच दांडीला गंज चढवत होता आणि बाहेरून त्याचा पत्ताही लागत नव्हता. बाईंनी भिंग लावून पाहिले तेव्हा पात्यावर तीन वेगळ्या गोष्टी आहेत असे सांगितले: वरच्या दोन-तृतीयांश भागात जुना काळा थर शाबूत आहे, गांजाच्या वर सुपारीएवढा तांबडा गंज आहे आणि सगळ्या पात्यावर खोबरेलाचा पिवळट, चिकट लेप बसला आहे. खोबरेल कालांतराने खवट होते, त्यात सुटणारी आम्ले लोखंडाला हळूहळू खातात आणि चिकटपणामुळे धूळ धरून राहते, हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितले की घरातल्या कोणाला दोष दिल्यासारखे वाटले नाही. जवसाचे तेल त्याहून वाईट, कारण ते वाळून वार्निशासारखे घट्ट बसते.

इथून पुढे वनस्पतींचे काम सुरू होते. जावामध्ये गंज सैल करण्यासाठी पाते नारळाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. काही ठिकाणी बारतोंडीची पिकलेली फळे किंवा अननसही वापरतात. या कार्यशाळेत शहाळ्याचे पाणी न घेता पिकलेल्या नारळाचे घेतात आणि ते आधी आंबू देतात. पाण्यातली साखर आंबली की त्यात सौम्य आम्ले तयार होतात आणि ती गंजाच्या कणांखाली शिरून त्यांची पकड सोडवतात. घरातल्या आंबट दह्याने किंवा चिंचेने पितळ घासणाऱ्या कोणालाही हे लगेच समजेल. फरक एवढाच की पितळाला पाच मिनिटे पुरतात आणि इथे दिवस लागतात, आणि तेवढे दिवस आंबलेल्या नारळाचा वास त्या खोलीत भरून राहतो. आमच्या क्रिसच्या बाबतीत त्यांनी सबंध पाते बुडवले नाही. वरच्या भागातील जुना काळा थर वाचावा म्हणून गंजलेल्या जागेभोवती कापसाच्या पट्ट्या गुंडाळून त्याच नारळाच्या पाण्याने भिजत्या ठेवल्या. पूर्ण बुडवणे सोपे आणि स्वस्त पडले असते. त्यांनी तो मार्ग आपण होऊन टाळला, हे मला या सेवेतील सर्वांत मोलाचे वाटते.

त्यानंतर लिंबू आणि रिठा. जावामध्ये या कामासाठी जे लिंबू वापरतात ते आपले कागदी लिंबूच, आणि तिथला ‘लेराक’ हा आपल्या रिठ्याच्याच कुळातला. तिथे बाटिकची कापडेही त्याच्याच फेसाने धुतात, कारण तो रंग उतरवत नाही. काकांनी रिठ्याची टरफले कोमट पाण्यात भिजवून, चुरून, फडक्यातून गाळून घेतली आणि त्या फेसाने आधी खोबरेलाचा लेप काढला. मग मऊ केसांच्या कुंचल्याने लिंबाचा रस फक्त गंजलेल्या जागेवर लावायचा, थोडा वेळ थांबायचे, रिठ्याने धुवायचे, भिंगातून पाहायचे आणि पुन्हा लिंबू, असे चालले. रस आधी पिवळसर, मग तपकिरी होत जातो आणि ज्या फेरीला तो स्वच्छ राहतो तिथे थांबायचे. हे थांबणे महत्त्वाचे, कारण लिंबातील आम्ल गंज संपल्यावर चांगल्या लोखंडावर काम करू लागते. गांजाच्या वरच्या कोरीव खाचेतून कुंचल्याने एकदा लालभडक ओघळ आला. मला तो गंजच वाटला, पण बाईंनी बोटावर घेऊन दाखवले: ते कुंकू होते, कित्येक खंडेनवम्यांचे, खाचेत तेलाबरोबर घट्ट बसलेले. ते त्यांनी पांढऱ्या कागदावर टिपून माझ्या हवाली केले आणि यापुढे कुंकू पात्याला न लावता पाटावर लावा, एवढेच म्हणाल्या.

नैसर्गिक म्हणून या पद्धतीचे जे कौतुक होते त्यात मला थोडी अडचण वाटते. लिंबू आणि नारळाचे पाणी तारेच्या ब्रशपेक्षा आणि बाजारातल्या गंजनाशकांपेक्षा सौम्य आहेत हे खरे, पण ती आम्लेच आहेत, आणि घडाईच्या सांध्यांत त्यांचा अंश राहिला तर मुंबईच्या हवेत काही तासांत पात्यावर नारिंगी पूड धरते. एवढे सामान दादरच्या बाजारात कोणालाही मिळेल, पण गांजा आणि पाते यांच्या फटीत शिरलेले पाणी बाहेर कसे काढायचे, हे त्या सामानाबरोबर मिळत नाही. या कार्यशाळेची खरी कसोटी आणि खरी कमाई इथेच आहे. शेवटच्या धुण्यासाठी बाई नळाचे पाणी न घेता ऊर्ध्वपातित पाणी वापरतात, धुऊन निघालेल्या पाण्यात लिटमसचा कागद बुडवून आम्ल उरले नाही याची खात्री करतात, मग पाते स्पिरिटने पुसतात, मलमलीने टिपतात आणि मंद गरम हवेखाली फिरवत ठेवतात. गांजाच्या फटीजवळ त्यांनी टिपकागदाची धारदार घडी घालून ती आत सरकवली आणि ती कोरडी निघेपर्यंत नवनवीन घड्या घातल्या. स्पिरिट आणि लिटमस जावाच्या परंपरेत नाहीत, ते त्यांच्या शिक्षणातून आलेले आहेत. परंपरेचा अभिमान असलेल्या एखाद्याला ही भेसळ वाटेल. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला वाटू नये.

आता त्या पायरीविषयी, जी इथे होत नाही. जावामध्ये पाते पांढरे झाल्यावर त्यावर ‘वारांगान’ चढवतात. हे सोमलयुक्त खनिज आहे, आपल्याकडील मनशीळ आणि हरताळ यांच्या जातकुळीतले. ते लिंबाच्या रसात मुरवून पात्याला लावले की लोखंड काळे पडते आणि पामोरची नक्षी उठून येते. क्रिसचे जे काळे-चंदेरी रूप छायाचित्रांत दिसते ते याच लेपाचे आहे. परंतु सोमल हे जहाल विष आहे, कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेले आहे आणि लिंबाच्या रसात विरघळलेल्या रूपात ते त्वचेवर, हवेत आणि मोरीच्या पाण्यात जाऊ शकते. ज्या चाळीत वरच्या मजल्यावर लहान मुले खेळतात आणि सगळ्यांच्या मोऱ्या एकाच पन्हळीला जोडलेल्या आहेत, तिथे हे काम करणार नाही, असे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले. त्यामुळे गंज निघालेली जागा आता फिकट राखाडी दिसते आणि तिथे पामोरच्या रेषा उजेडात तिरपे धरल्याशिवाय नीट दिसत नाहीत. वरच्या भागात मात्र जुना काळा थर जसाच्या तसा आहे आणि रिठ्याने तेल निघाल्यावर त्यावर पामोरचे लहान लहान भोवरे असे उघडे पडले की घरातल्या वडीलधाऱ्यांनीसुद्धा ते पहिल्यांदाच पाहिले. ज्यांच्या क्रिसवरचा काळा थर सगळाच गेलेला आहे त्यांना मात्र या सेवेतून फिकट पातेच परत मिळेल, हे आधी समजून घ्यावे. तेवढ्यासाठी कोणी घरी मनशीळ आणि लिंबू घेऊन बसू नये, हे वेगळे सांगण्याची वेळ येऊ नये, पण काष्ठौषधीच्या दुकानात या वस्तू नावाने ओळखल्या जातात म्हणून सांगतो.

फुले आणि तेले यांच्याकडे येतो, कारण माझी तक्रार इथे आहे. जावामध्ये विधीच्या पाण्यात गुलाब, मोगरा, कनांगा आणि पांढरा चाफा अशी फुले घालतात, धुपासाठी ऊद जाळतात, आणि स्वच्छ झालेल्या पात्याला चंदन, मोगरा किंवा कनांगाच्या सुगंधाचे तेल लावतात. चंदनाशी तर आपले घरचेच नाते आहे. सुगंधी तेले तिथे हलक्या, न वाळणाऱ्या तेलात मिसळून लावतात. पात्याला संरक्षण मिळते ते या हलक्या तेलाच्या पातळ थरामुळे. सुगंधाचे काम मानाचे. कार्यशाळेतही हीच रीत सांगितली जाते, पण आमच्या क्रिसला लावलेले तेल फार जड होते आणि चंदनाचा अंश त्यात गरजेपेक्षा बराच अधिक होता. घरी आणल्यावर दुसऱ्याच आठवड्यात म्यानाच्या तोंडाशी तिमोहोच्या पिवळ्या लाकडावर तेलाचा गडद ओघळ उमटला. पात्याला तेल लावून ते पुसून जवळजवळ कोरडे करायचे आणि मगच म्यानात घालायचे, हा नियम बाईंनी मला स्वतः सांगितला होता आणि त्यांच्याच हातून तो पाळला गेला नाही. फोन केल्यावर त्यांनी कारणे दिली नाहीत. पाते परत मागवून पुसून दिले आणि लाकडावरचा डाग मुलतानी मातीचा लेप लावून बराचसा ओढून काढला. बराचसा म्हणजे सगळा नाही. लाकडाच्या नैसर्गिक डागांत तो मिसळून जातो, असे काकांचे म्हणणे आहे. मला तो रोज दिसतो.

पात्याच्या कामाचा दर साडेसहा हजार रुपये पडला. म्यानातली भेग सांधण्याचे काम त्यांनी घेतले नाही, कारण लाकूडकाम येत नाही, असे सरळ सांगितले. हा दर जास्त वाटेल, पण ज्या कामात दिवसाचा बहुतेक वेळ पाते पाहण्यात आणि वाट पाहण्यात जातो त्याचा दर असाच असणार. नारळ, लिंबे आणि रिठे यांचा खर्च त्यात किरकोळ आहे. फुलांसाठी मात्र वेगळे पैसे लावलेले होते. विधी आमच्याकडे नको असे मी म्हणालो असतानाही मोगरा-गुलाबाच्या पाण्याचे शंभर-दोनशे रुपये पावतीवर दिसले आणि विचारल्यावर वजा झाले. पावती मिळते, कामाच्या आधीची आणि नंतरची छायाचित्रे मिळतात, आणि कोणत्या भागावर काय लावले याची टिपणे मराठीत लिहून मिळतात. ही टिपणे पुढच्या पिढीसाठी छायाचित्रांपेक्षा उपयोगी पडतील. फोनवर मात्र बाई सहजासहजी सापडत नाहीत आणि ठरलेली तारीख पुढे गेली तर आपण होऊन कळवत नाहीत.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो टाळता येत नाही. काम घेताना वस्तू वारशाने आलेली आहे असे लेखी निवेदन त्या मागतात आणि शस्त्र अधिनियम १९५९ खाली आपल्या वस्तूची स्थिती काय आहे ते आपल्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या, असे सांगतात. कट्यार ही विळी नव्हे. ती पिशवीत घालून लोकलने नेण्याचा विचार करू नये. क्रिस थेट जावाला पाठवून तिथेच वारांगानसह काम करून घ्यावे, असे माझ्याही मनात आले होते, परंतु १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि आमच्या क्रिसचे वय त्याहून अधिक असण्याची शक्यता बाईंनी वर्तवली आहे. त्यामुळे इथल्या इथे समजूतदार हात मिळणे ही सोय राहत नाही, गरज ठरते.

जाणाऱ्यांनी वेळेचाही विचार करावा. सुरो महिना सध्या जून-जुलैच्या सुमारास येतो. जावामध्ये ते कोरडे दिवस असतात आणि धुतलेले पाते उन्हावाऱ्यात सुकते. मुंबईत तेव्हा हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणून ही कार्यशाळा जून ते सप्टेंबर या काळात पाण्याचे कोणतेही काम घेत नाही, मग गिऱ्हाईक तिथीचा कितीही आग्रह धरो. दिवाळीनंतर नाव नोंदवावे, पाते नेताना म्यान आणि मूठ दोन्ही बरोबर न्यावीत, घरी कोणते तेल लावत आलो ते नीट आठवून सांगावे आणि परत घेताना पाते तिथेच पांढऱ्या फडक्याने एकदा पुसून पाहावे. फडक्यावर तेलाचा ओला पट्टा उमटला तर ते म्यानात घालू देऊ नये.